एका नोडवर उभं राहून

बायनरी सर्च ट्रीवरचा चांगला व्हिडिओ पाहताना सगळं पटत जातं. शिक्षक फळ्यावर एक गोल, म्हणजे नोड, काढतात, त्याखाली दोन रेघा आणि रेघांच्या टोकाला आणखी गोल. लहान आकडे डावीकडे, मोठे उजवीकडे. नवा आकडा कुठे जाणार हे त्यांनी सांगायच्या आधीच आपल्याला दिसतं. धडा संपतो, आपण एडिटर उघडतो आणि पहिल्या ओळीपाशीच हात थांबतो. हा विषय शिकणाऱ्या पुष्कळ जणांचं असंच होतं, आणि आपल्याला कोडिंग जमणारच नाही असं समजून काही जण तिथेच सोडून देतात.

खरी अडचण वेगळी असते. व्हिडिओत आपल्याला अख्खं झाड एका नजरेत दिसतं, प्रोग्रॅमला मात्र ते कधीच दिसत नाही. तो कोणत्याही क्षणी एका नोडवर उभा असतो. या नोडमध्ये कोणता आकडा आहे आणि डावीकडे-उजवीकडे जायला वाट आहे की नाही, एवढंच त्याला कळतं. शेजारच्या फांदीवर काय आहे, झाड किती खोल आहे, वरून आपण कुठून आलो, यातलं काहीही त्याला आपोआप ठाऊक नसतं. म्हणून ट्री शिकताना वरून पाहायची सवय मोडून त्या एका नोडवर उतरावं लागतं. व्हिडिओचा त्यासाठी फार उपयोग होतो, कारण तो हवा तिथे थांबवता येतो. वर्गातल्या शिक्षकांना दर वाक्याला थांबवता येत नाही.

चांगल्या धड्यांची आता वानवा नाही. आयआयटी आणि बंगळूरुची आयआयएससी यांनी मिळून २००३ मध्ये सुरू केलेल्या एनपीटीईएलवर आयआयटी दिल्लीचे नवीन गर्ग यांची डेटा स्ट्रक्चर्सची पूर्ण व्याख्यानमाला मोफत आहे. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद तिथेच पायथनमधून हा विषय शिकवतात. सीमधले पॉइंटर कच्चे असतील, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातले धडे आधी करावेत. त्यांत मराठी आवाजातले धडेही आहेत. पडद्याच्या एका बाजूला धडा आणि दुसऱ्या बाजूला आपला प्रोग्रॅम ठेवून, थांबत थांबत शिकायचं, ही त्या प्रकल्पाची पद्धतच आहे. ट्रीसाठी तीच पद्धत घ्यावी, फक्त एडिटरच्या जागी कोरा कागद ठेवावा.

ट्रीची सुरुवात मात्र मी अमेरिकेतल्या एमआयटीच्या ६.००६ या अभ्यासक्रमातल्या २०११ च्या व्याख्यानानं करायला सांगेन. श्रीनी देवदास त्यात व्याख्येपासून सुरुवात न करता गरजेपासून करतात. एका विमानतळावर एकच धावपट्टी आहे. विमानं उतरण्याच्या वेळा मागतात, आणि दोन लँडिंगमध्ये काही मिनिटांचं अंतर राखलंच पाहिजे. मागितलेली वेळ द्यायची की नाकारायची? मुंबईकरांना हा प्रश्न परका वाटू नये. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी विमानं उतरवता येत नाहीत.

इथे पहिल्यांदा व्हिडिओ थांबवा आणि ट्री हा शब्द विसरून, हे काम तुम्ही कसं कराल याचा विचार करा. वेळा क्रमानं लावलेल्या ॲरेत ठेवल्या, तर मधोमध पाहून अर्धा भाग टाकत जाता येतं आणि जागा लगेच सापडते. पण नवी वेळ मध्ये घुसवायची तर पुढच्या सगळ्या वेळा एकेक घर सरकवाव्या लागतात. लिंक्ड लिस्टमध्ये घुसवणं सोपं आहे, पण जागा शोधायला पहिल्यापासून चालत जावं लागतं. एकीकडे शोध जलद आणि भर घालणं महाग, दुसरीकडे नेमकं उलट. दोन्ही कामं जलद व्हायला हवीत, या गरजेतून झाड येतं. ही गरज मनात बसली नसेल तर पुढचे सगळे नियम पाठांतर होऊन बसतात.

आता कागदावर ४२, २५, ६०, ३३, १०, ५१, ७८, ५५ हे आकडे याच क्रमानं एकेक घाला. ही लँडिंगची मिनिटं आहेत असं समजा. ४२ वर बसतो. २५ त्याच्या डावीकडे, ६० उजवीकडे. ३३ हा ४२ पेक्षा लहान म्हणून डावीकडे वळतो, २५ पेक्षा मोठा म्हणून तिथून उजवीकडे. १० हा २५ च्या डावीकडे, ५१ हा ६० च्या डावीकडे आणि ७८ त्याच्या उजवीकडे. शेवटचा ५५ हा ४२ वरून उजवीकडे, ६० वरून डावीकडे, ५१ वरून उजवीकडे वळतो आणि तिथे वाट संपते म्हणून तिथेच बसतो. प्रत्येक आकड्याच्या वेळी उरलेलं झाड हातानं झाकून फक्त एकच नोड उघडा ठेवा. दिसायला हा प्रकार पोरकट आहे, पण प्रोग्रॅमची नजर कळायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

दोन लँडिंगमध्ये किमान ३ मिनिटं हवीत असं धरू. आता कोणीतरी ५७ वं मिनिट मागितलं. ४२ शी तुलना केली तर अंतर १५, ठीक, उजवीकडे. ६० शी अंतर ३, चालतं, डावीकडे. ५१ शी अंतर ६, ठीक; उजवीकडे. ५५ शी अंतर फक्त २. नकार. आठ वेळा असूनही चारच पाहिल्या. पण ७८ किंवा ३३ च्या जवळ जायची गरज का पडली नाही? इथे पुन्हा थांबा, कारण हा या धड्यातला सर्वांत सुंदर मुद्दा आहे. नव्या आकड्याचा सर्वांत जवळचा लहान शेजारी आणि सर्वांत जवळचा मोठा शेजारी, दोघेही त्याच्या वाटेवरच भेटतात. ५७ चे शेजारी ५५ आणि ६०, आणि दोघांवरूनच आपण आलो. असं नेहमीच होतं. वाटेत दोन आकड्यांमध्ये जागा अरुंद होत जाते, आणि ज्या दोन आकड्यांनी ती शेवटी आवळली तेच शेजारी ठरतात.

आता रिकर्शन, म्हणजे फंक्शननं स्वतःलाच पुन्हा बोलावणं. ट्रीच्या व्हिडिओंमध्ये बहुतेकांचं पाऊल इथेच अडखळतं, म्हणून इथे रेंगाळू. झाडाची उंची काढायची आहे. वरून पाहणाऱ्याला ती डोळ्यांनी मोजता येते: ४२, ६०, ५१, ५५, म्हणजे तीन पायऱ्या. ४२ वर उभ्या असलेल्या प्रोग्रॅमला मात्र खाली किती पायऱ्या आहेत हे दिसत नाही. तो दोन प्रश्न विचारतो: डाव्या बाजूची उंची किती, उजव्या बाजूची किती? उत्तरं आली की त्यांतली मोठी घेऊन त्यात १ मिळवतो. खालचे नोडही हेच करतात. वाट रिकामी असेल तर उत्तर उणे १. यामुळे ज्या नोडला मुलं, म्हणजे खाली जोडलेले नोड, नाहीत त्याची उंची ० येते, आणि ते बरोबरही आहे.

वहीत ही उत्तरं प्रत्येक नोडशेजारी लिहा. ५५ म्हणतो ०. ५१ ला डावीकडून उणे १ आणि उजवीकडून ० मिळतात, म्हणून तो म्हणतो १. ७८ म्हणतो ०. ६० ला १ आणि ० मिळतात, तो २ सांगतो. डावीकडे १० आणि ३३ प्रत्येकी ०, २५ चं उत्तर १. शेवटी ४२ ला १ आणि २ मिळतात, तो ३ सांगतो. एकाही नोडनं अख्खं झाड पाहिलं नाही, तरी उत्तर बरोबर आलं. व्हिडिओत शिक्षक ही उत्तरं झरझर भरत जातात. त्यांनी भरण्याआधी तुम्ही भरा. आणि दीडपट वेगानं पाहायची सवय असली, तरी या भागात वेग साधा ठेवा. प्रत्येक नोड आपल्या मुलांच्या उत्तराची वाट पाहत थांबलेला असतो, आणि ते थांबणं डोक्यात घडायला वेळ लागतो.

इनऑर्डर ट्रॅव्हर्सलही असंच. आधी डावीकडचं सगळं, मग स्वतःचा आकडा, मग उजवीकडचं. ४२ आधी २५ ला काम देतो, २५ हा १० ला. १० च्या डावीकडे काही नाही, म्हणून तो स्वतःला छापतो आणि उजवीकडेही काही नसल्यानं परत येतो. मग २५ छापला जातो, मग ३३, आणि आता कुठे ४२ ची पाळी येते. शेवटी हातात येतं १०, २५, ३३, ४२, ५१, ५५, ६०, ७८. सगळे आकडे चढत्या क्रमानं आले, वेगळं सॉर्टिंग करावं लागलं नाही. एका वेळी ताटकळणाऱ्या नोड्सची रांग झाडाच्या खोलीएवढीच लांबते, म्हणून खोल झाडात स्टॅक जास्त लागतो.

उंचीच्या प्रश्नात माहिती खालून वर आली. दुसऱ्या काही प्रश्नांत ती वरून खाली न्यावी लागते. समोरचं झाड खरंच बायनरी सर्च ट्री आहे का, हे तपासायचं असेल तर बहुतेक नवशिके प्रत्येक नोडवर एवढंच पाहतात की डावं मूल लहान आहे आणि उजवं मोठं. ते पुरत नाही. आपल्या झाडात ५१ च्या डावीकडे ४० लटकवून पाहा. ५१ ची काही तक्रार नाही, कारण ४० त्याच्याहून लहान आहे. ६० चीही नाही. पण ४० हा ४२ च्या उजव्या भागात बसला आहे, आणि तिथे ४२ हून लहान आकडा चालत नाही. ५१ ला हे कळणार कसं? त्याला ४२ दिसतच नाही. म्हणून खाली उतरताना सोबत एक मर्यादा द्यावी लागते: ४२ वरून उजवीकडे गेलं की 'इथून पुढे सगळं ४२ हून मोठं हवं', ६० वरून डावीकडे वळलं की 'आणि ६० हून लहानही'. ५१ च्या डावीकडे येताना मर्यादा ४२ ते ५१ एवढी झालेली असते आणि ४० पकडला जातो.

फंक्शनला दिलेल्या गोष्टी वरची माहिती खाली नेतात, फंक्शननं परत दिलेलं उत्तर खालची माहिती वर आणतं. ट्रीचा कुठलाही नवा प्रश्न समोर आला की व्हिडिओतलं उत्तर पाहण्याआधी हे ठरवा: या नोडला वरून काय कळायला हवं, आणि त्यानं वर काय सांगायला हवं? हे दोन्ही ठरलं की कोडच्या ओळी क्वचितच दहाबाराच्या वर जातात.

डिलीट करणं व्हिडिओत सर्वांत घाईनं उरकलेलं आढळतं, आणि तेच सर्वांत नाजूक असतं. टोकाचा नोड काढणं सोपं. एकच मूल असलेला काढला तर ते मूल त्याच्या जागी येतं. दोन मुलं असलेला ४२ रद्द झाला तर? त्याच्या जागी असा आकडा हवा, जो डावीकडच्या सगळ्यांहून मोठा आणि उजवीकडच्या उरलेल्या सगळ्यांहून लहान असेल. उजव्या भागातला सर्वांत लहान आकडा तसा असतो. एकदा उजवीकडे जा, मग वाट आहे तोवर डावीकडे: ६०, ५१, पुढे डावीकडे काही नाही. ५१ वर नेऊन ४२ च्या जागी लिहा. आता जुना ५१ काढायचा आहे. त्याला डावं मूल असूच शकत नाही, नाहीतर आपण आणखी डावीकडे गेलो असतो. म्हणजे अवघड प्रश्न सोप्या प्रश्नावर आला: ५१ च्या जागी ५५ येतो आणि ६० चं डावं मूल बनतो. थॉमस हिबर्ड यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या पद्धतीचा गाभा हाच आहे. व्हिडिओत हे पाहून झालं की सिंगापूरच्या नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या स्टीव्हन हालिम यांनी २०११ मध्ये सुरू केलेल्या व्हिज्युअल्गो या संकेतस्थळावर आपलं झाड बनवा आणि तिथे ४२ काढा. पण आधी कागदावर, मग पडद्यावर. उलट केलंत तर पुन्हा नुसतं पाहणंच होईल.

आतापर्यंतचं झाड नशिबानं नीट पसरलं होतं. तेच आठ आकडे चढत्या क्रमानं घातले तर प्रत्येक जण आधीच्याच्या उजवीकडे बसतो आणि झाडाची सरळ काठी होते. १० लाख आकड्यांची काठी झाली तर शोधायला १० लाख पायऱ्या उतराव्या लागू शकतात. भरगच्च झाडात २० पुरतात. हा फरक मिटवण्यासाठी गिओर्गी अदेल्सन-वेल्स्की आणि येवगेनी लांदिस या सोव्हिएत गणितज्ञांनी १९६२ मध्ये एक नियम दिला: कुठल्याही नोडच्या डाव्या आणि उजव्या उंचीत एकापेक्षा जास्त फरक पडू द्यायचा नाही. त्यांच्या आद्याक्षरांवरून अशा झाडाला एव्हीएल म्हणतात. नियम पाळला तर उंची आदर्श उंचीच्या साधारण १.४४ पटीपलीकडे जात नाही, म्हणजे १० लाख आकड्यांनाही तिशीच्या आत पायऱ्या.

आपलं मूळ आठ आकड्यांचं झाड परत घ्या. उंची शेजारी लिहिलेली आहेच. सगळीकडे फरक ० किंवा १ आहे, म्हणजे ते एव्हीएल आहे. आता समजा, दोन लँडिंगमध्ये ३ ऐवजी २ मिनिटं पुरेशी आहेत असं ठरलं. मघाशी नाकारलेल्या ५७ ला जागा मिळते, ५५ च्या उजवीकडे. पण ५१ च्या डावीकडे काहीच नाही आणि उजवीकडे दोन नोडांची साखळी: उणे १ आणि १, फरक २. नियम मोडला. उपाय म्हणजे रोटेशन: ५५ वर येतो, ५१ त्याचं डावं मूल होतो, ५७ उजवीकडे राहतो. इनऑर्डर छापून पाहा, क्रम तोच आहे.

फळ्यावर हे एका क्षणात होतं. शिक्षक पुसतात, नव्यानं काढतात. कोडमध्ये मात्र एक धागा सुटतो आणि तो चित्रात दिसत नाही. ६० ची डावी वाट अजून ५१ कडेच जाते. ५५ वर गेला हे ६० ला कुणीच सांगितलेलं नाही. झाड असंच सोडलं तर ६० वरून ५१ सापडेल, पण ५५ आणि ५७ कुठूनच सापडणार नाहीत. म्हणून रोटेशन करणाऱ्या फंक्शननं नवा वरचा नोड परत द्यायचा, आणि ६० नं तो आपल्या डाव्या वाटेवर बसवायचा. उंची ज्या रस्त्यानं वर आली होती, त्याच रस्त्यानं हा नोडही वर येतो. शिक्षक कोड दाखवतात तेव्हा 'डावी वाट बरोबर घालण्याचं उत्तर' अशी जी ओळ दिसते आणि उगाच वाटते, ती यासाठीच असते.

५७ च्या ऐवजी ५३ आला असता तर साधं रोटेशन पुरलं नसतं. ५१ च्या उजवीकडे ५५, त्याच्या डावीकडे ५३, असा मधेच वळलेला आकार होतो. आधीसारखंच ५१ ला डावीकडे फिरवलं तर ५५ वर येतो, पण ५३ हा ५१ च्या उजवीकडे जाऊन बसतो आणि झाड आता डावीकडे कलतं. करून पाहा, म्हणजे पटेल. म्हणून आधी ५५ ला उजवीकडे फिरवून वाट सरळ करायची, मग ५१ ला डावीकडे. शेवटी ५३ वर, ५१ आणि ५५ दोन बाजूंना.

एवढं हातानं जमलं की रेड-ब्लॅक ट्रीकडे जावं, त्याआधी नको. त्याचे रंगांचे नियम सुरुवातीला पाठ केले तर ते का आहेत हेच कळत नाही. लिओनिडास गिबास आणि रॉबर्ट सेजविक यांनी १९७८ मध्ये ते आजच्या रूपात मांडलं. जावाचं ट्रीमॅप याच झाडावर उभं आहे. प्रिन्स्टनचे सेजविक स्वतः कोर्सेरावर केव्हिन वेन यांच्यासोबत अल्गोरिदम शिकवतात. ज्यानं रचना घडवली त्याच्याच तोंडून ती ऐकायला मिळणं ही मोठीच सोय. रेड-ब्लॅक ट्रीमागे कोणती अडचण होती हे ते समजावून सांगतात आणि त्यासाठी आधी टू-थ्री ट्री शिकवतात. तो भाग गाळू नका.

त्यानंतर बी-ट्री. बोइंग कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत काम करताना रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मक्क्राइट यांनी ते घडवलं आणि त्यांचा लेख १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. आजच्या बहुतेक डेटाबेसच्या इंडेक्समागे त्याचंच कुठलं तरी रूप असतं. डिस्कवरून एकेक आकडा वाचणं महाग पडतं, म्हणून इथे एका नोडमध्ये शेकडो आकडे मावतात. नोड भरला की तो दुभंगतो, अर्धे आकडे नव्या नोडमध्ये जातात आणि मधला आकडा वरच्या नोडकडे पाठवला जातो. वरचाही भरलेला असेल तर तोही दुभंगतो. पार वरचा नोड दुभंगला तर त्याच्याही वर नवा नोड तयार होतो, म्हणून बी-ट्रीची उंची वरच्या टोकाला वाढते आणि त्याची सगळी पानं, म्हणजे टोकाचे नोड, कायम एकाच पातळीवर राहतात.